बाहेर वणव्याचा धूर, घरात बाळ आणि दमा: आधी एक खोली सांभाळा

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो. वरच्या डोंगरात वणवा पेटलाय आणि चार दिवस बाहेर राखाडी धूर आहे. आज फोनवर हवेचा निर्देशांक १६८ दिसतोय. पुण्याहून सासू-सासरे आलेत. सासऱ्यांना दमा आहे, ते पंप घेतात. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. ‘पुण्यात सिग्नलला उभं राहिलं तरी एवढा धूर असतोच’ असं म्हणत सासरे रोज पहाटे फिरायला जातात. सासूबाईंना बाळाच्या अंघोळीनंतर धुरी द्यायची आहे. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तीस-पस्तीस माणसं येतात. खिडक्या सगळ्या बंद आहेत, तरी घशात खवखवतंय. एअर प्युरिफायर घ्यावा का? कुठला, केवढा? की या वर्षी गणपतीच रद्द करावा?
– एक वाचक

उत्तर:

गणपती रद्द करू नका. धूर असेपर्यंत तीस-पस्तीस माणसं मात्र बोलावू नका. पण गणपतीला अजून आठवडा आहे आणि सासऱ्यांची आजची रात्र जायची आहे, म्हणून आधी आज काय करायचं ते.

घरातली एक खोली निवडा. अख्खं घर एकदम स्वच्छ करायला गेलात तर कुठलीच खोली नीट होत नाही. झोपायची खोली त्यासाठी उत्तम: दार लावता येतं, खिडक्या कमी असतात, बाथरूम जोडलेलं असेल तर वारंवार ये-जा होत नाही. स्वयंपाकघराला लागून असलेला मोकळा हॉल यासाठी नको. बाळ आणि सासरे यांचा दिवसाचा आणि रात्रीचा जास्तीत जास्त वेळ याच खोलीत जायला हवा. जमिनीलगतच्या फटीत टॉवेल गुंडाळून लावा, खिडकीच्या चौकटीतून हवा येत असेल तर रंगकाम करणारे वापरतात ती सहज निघणारी चिकटपट्टी लावा. खोलीत किंवा तिला जोडलेल्या कपाटात गॅसवर चालणारा बंब असेल तर मात्र तिथल्या फटी बुजवू नका. त्याला हवा लागते आणि ती तोडली तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका उभा राहतो.

खिडक्या बंद ठेवूनही घसा खवखवतो, कारण घर कधीच हवाबंद नसतं. त्यात तुमच्या भागातल्या घरांना एक खास अडचण आहे. घरातून जेवढी हवा पंख्याने बाहेर फेकली जाते, तेवढीच बाहेरची हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून, दिव्यांच्या खाचांतून, माळ्यावरून आत ओढली जाते. तुमचं घर २०१० नंतर बांधलेलं असेल तर त्यात कायम चालू राहणारा एखादा वायुवीजनाचा पंखा असण्याची शक्यता मोठी आहे, कारण कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांत तो आला. बहुधा तो बाथरूममध्ये किंवा कपडे धुण्याच्या खोलीत असतो, आवाज इतका कमी की घरातल्यांना पत्ताही नसतो. बटणावर ‘बंद करू नये’ अशा अर्थाची चिठ्ठीही असते. इतर दिवसांसाठी ती चिठ्ठी बरोबर आहे. धुराच्या दिवसांत तो पंखा बंद करा आणि हवा सुधारली की आठवणीने चालू करा. छतातला मोठा ‘होल हाउस फॅन’ असेल, संध्याकाळी घर गार करायला लावतात तो, तर त्याला अजिबात हात लावू नका. दहा मिनिटांत तो सगळं घर धुराने भरून टाकेल. कपडे वाळवायचं यंत्रही हवा बाहेरच फेकतं, तेव्हा बाहेरचा आकडा कमी असेल त्या तासांत ते उरकून घ्या. फायरप्लेसची झडप बंद आहे ना, तेही बघा.

खिडकीला एकच नळी लावून चालणारा फिरता एसी हासुद्धा तीच गडबड करतो. खोलीतली हवा तो नळीतून बाहेर टाकतो आणि तेवढी धुराची हवा आत येते. दोन नळ्यांचा असेल तर हरकत नाही. पाण्यावर चालणारा कूलर तर बाहेरचीच हवा आत आणतो, तो बंदच.

मध्यवर्ती एसी मात्र तुमच्या कामाचा आहे. थर्मोस्टॅटवर पंख्याचं बटण ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर करा, म्हणजे गारवा हवा असो वा नसो, हवा सतत फिल्टरमधून फिरत राहील. त्यात फिल्टर मर्व्ह १३ दर्जाचा असावा (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी म्हणजे मर्व्ह). काही खोक्यांवर मर्व्ह लिहिलेलं नसतं, तिथे एमपीआर १९०० किंवा एफपीआर १० (काही कंपन्यांच्या आणि दुकानांच्या स्वतःच्या श्रेणी) हा साधारण त्याच दर्जाचा समजा. फिल्टरच्या कडेवर छापलेला बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पंख्याच्या बाजूला हवा. फिल्टर आणि खाच यांच्यात बोटभर फट असेल तर हवा फिल्टर टाळून तिथूनच जाते, ती टेपने बंद करा. इथे एक काळजी घ्या. एक इंच जाडीचा मर्व्ह १३ काही जुन्या यंत्रांना पेलत नाही. जाळीतून येणारी हवा खूप कमी झाली, शिट्टीसारखा आवाज यायला लागला किंवा नळीवर बर्फ धरलं, तर मर्व्ह ११ वर या. खोलीत वेगळा प्युरिफायर असेल तर एवढी तडजोड चालते.

आता प्युरिफायर. घ्या, आणि जाहिरातीतले सगळे शब्द बाजूला ठेवून खोक्यावर एकच आकडा शोधा: धुरासाठीचा सीएडीआर. दर मिनिटाला किती घनफूट गाळलेली हवा यंत्र देतं, ते तो सांगतो. वणव्याच्या धुरासाठी नियम सोपा आहे. खोलीचं क्षेत्रफळ जितके चौरस फूट, निदान तितका सीएडीआर. बारा बाय चौदाची खोली म्हणजे १६८ चौरस फूट, तर सीएडीआर १६८ किंवा जास्त. आठ फूट उंचीच्या खोलीत एवढं यंत्र तासाला साडेसात वेळा सगळी हवा गाळून काढतं. छत दहा फुटांवर असेल तर आकडा सव्वापट करा, म्हणजे २१०. खोक्यावर ‘एवढ्या चौरस फुटांसाठी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. बऱ्याचदा ते तासाला एकदा किंवा दोनदाच हवा गाळली जाईल असं धरून काढलेलं असतं.

दुसरी गोम अशी की सीएडीआर पूर्ण वेगावर मोजलेला असतो. रात्री आवाज नको म्हणून यंत्र ‘स्लीप’वर ठेवलं की त्याचा थोडासाच भाग हाती येतो. म्हणून हिशोबाने १६८ पुरत असला तरी तुम्ही २५० च्या आसपासचं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. ‘ऑटो’वर सोडू नका. स्वस्त यंत्रांमधले सेन्सर धूर बराच वाढल्यावर जागे होतात. यंत्र भिंतीपासून आणि पलंगापासून दीड फूट दूर ठेवा, पडद्यामागे तर मुळीच नको.

आयन सोडणारं, ओझोन तयार करणारं, ‘हवा ताजी करणारं’ यंत्र घरात आणू नका. ओझोन दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना त्रास देतो. कॅलिफोर्नियात विकायच्या यंत्रांना ०.०५० पीपीएम ओझोनची मर्यादा आहे आणि राज्याच्या हवा मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तो शिक्का खोक्यावर बघून घ्या. भारतातून कुणी गळ्यात घालायचं यंत्र पाठवत असेल तर नको म्हणून सांगा. खोलीत कुंड्या ठेवणं, पाण्याचं घंगाळ ठेवणं, ओले पडदे लावणं, ह्युमिडिफायर चालवणं यांनी धुराचे कण कमी होत नाहीत.

वणव्याच्या दिवसांत दुकानांतली यंत्रं संपतात. तसं झालं तर हवा गाळायची पेटी घरीच बांधा. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघांच्या नावाने ती ओळखली जाते आणि खरोखर चांगलं काम करते. साहित्य असं: २० इंची चौकोनी बॉक्स फॅन, २० बाय २० चे मर्व्ह १३ फिल्टर चार (दोन इंच जाडीचे मिळाले तर उत्तम, एक इंचीही चालतात), पंख्याचंच रिकामं खोकं आणि डक्ट टेप. चार फिल्टर उभे करून चार भिंती करा. प्रत्येकाचा बाण आतल्या बाजूला हवा, एक जरी उलटा लागला तरी पुन्हा काढून लावा. तळाला पुठ्ठा. वर पंखा असा ठेवा की हवा वरच्या दिशेने बाहेर पडेल, म्हणजे तो फिल्टरमधून हवा ओढेल. सगळे सांधे टेपने पक्के बंद करा. शेवटचं काम लोक हमखास विसरतात: पंख्याच्या तोंडावर पुठ्ठ्याची चौकट बसवा, मध्ये पात्यांच्या वर्तुळापेक्षा किंचित लहान गोल भोक ठेवा आणि चारही कोपरे झाका. कोपरे उघडे राहिले तर तिथून हवा उलटी आत शिरते आणि पंख्याची मेहनत फुकट जाते.

पंखा २०१२ नंतरचा असावा, त्यांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. एक्स्टेंशन वायर लावू नका. सगळे झोपलेले असताना किंवा घरात कुणी नसताना ही पेटी चालू ठेवू नये. म्हणून रात्री निजायच्या खोलीत विकतचं यंत्र आणि दिवसा हॉलमध्ये ही पेटी, अशी वाटणी करा. बाळ अजून रांगत नाही, तरी वायर आताच भिंतीकडून घ्या.

सगळं बरोबर चाललंय का, हे नाकाला विचारू नका. धुराच्या वासाला नाक तासाभरात सरावतं, आणि उलट कधी हवा बरीच सुधारलेली असते तरी कपड्यांना, गाद्यांना वास असतो. पीएम २.५, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण, दाखवणारा छोटा मापक घ्या आणि खोलीत ठेवा. यंत्र लावल्यावर तासाभरात खोलीतला आकडा हॉलमधल्यापेक्षा निम्म्याहून खाली यायला हवा. आला नाही तर कुठेतरी फट आहे, पंखा चालू आहे, किंवा कुणीतरी दार उघडं टाकतंय.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे. ते खोटं बोलत नाहीयेत, पण दोन देशांचे निर्देशांक वेगळ्या पट्ट्यांवर मोजलेले आहेत. हवेच्या एका घनमीटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असतील तर भारतात आकडा साधारण ८३ येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकेत त्याच हवेला सुमारे १३७ मिळतात आणि दमेकरी, म्हातारी माणसं, लहान मुलं यांच्यासाठी ती वाईट समजली जाते. तुमच्याकडचा १६८ म्हणजे घनमीटरला अंदाजे ८० मायक्रोग्रॅम. ही हवा भारतातल्या पट्टीवर ‘मध्यम’ असली तरी सासऱ्यांच्या फुप्फुसांना मध्यम नाही. शिवाय पुण्यात ते सिग्नलवर दोन मिनिटं उभे राहतात, इथे चोवीस तास त्याच हवेत आहेत. हे त्यांना आकड्यांसकट सांगा, वाद घालू नका. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या पिढीला आकडा पटतो.

पहाटेचं फिरणं बंद. खोऱ्यात रात्री गार हवा जमिनीलगत साचते, तिच्यात धूर कोंडतो, त्यामुळे कित्येकदा पहाटेचीच वेळ सर्वांत वाईट असते. सरकारी ‘एअरनाऊ’च्या आग आणि धूर नकाशावर जवळच्या केंद्राचा ताशी आकडा बघा. संध्याकाळी डेल्टाकडून, म्हणजे पश्चिमेकडच्या नदीमुखाच्या भागाकडून, वारा सुटला की काही वेळा हवा झटकन सुधारते. आकडा शंभराच्या खाली गेला आणि सासऱ्यांना बरं वाटत असेल तर तेवढ्यात दहा-पंधरा मिनिटं संथ चालून यावं, पंप खिशात ठेवूनच. पन्नासच्या खाली गेला तर खिडक्याही उघडा, घर मोकळं करून घ्या आणि वाढायला लागला की लगेच बंद करा. एरवी खोलीतल्या खोलीत येरझारा.

त्यांचे दोन पंप असतील: एक रोजचा, एक धाप लागल्यावर घ्यायचा. रोजचा पंप ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद होता कामा नये, धुरात तर नाहीच. धाप लागल्यावरचा किती उरलाय ते आज मोजा. भारतात साल्ब्युटामॉल म्हणून मिळणारं औषध अमेरिकेत अल्ब्युटेरॉल या नावाने मिळतं, औषध एकच. पण इथे त्याला इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, पुण्याची चालत नाही. म्हणून पंप संपायच्या आत अर्जंट केअरमध्ये (वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना) किंवा फोनवरून डॉक्टरांना दाखवून घ्या आणि प्रवासाच्या विम्यात काय बसतं तेही आताच विचारा. पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. एका दमात वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंप घेऊनही आराम नाही, छातीत दुखतं, यांपैकी काहीही झालं तर लगेच ९११ या तातडीच्या क्रमांकावर फोन. धुराने हृदयावरही ताण येतो, त्यामुळे या वयात छातीतल्या दुखण्याला ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडू नका.

बाहेर जायलाच लागलं तर त्यांना एन-९५ मास्क. कापडी मास्क, साधा सर्जिकल मास्क, तोंडावर ओला रुमाल, यांतून हे कण आरामात आत जातात. दोन्ही पट्ट्या डोक्यामागे, नाकावरची तार दाबलेली, आणि जोरात श्वास सोडला की कडेने हवा निसटता कामा नये. दाढी असेल तर मास्क बसत नाही. मास्कमध्ये धाप लागत असेल तर तो काढून आत यायचं, सहन करत बसायचं नाही. बाळाला मास्क कधीच लावायचा नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना त्यात गुदमरण्याची भीती असते. बाळाला बाहेर नेलंच तर थेट गाडीत, गाडीची हवा आतल्या आत फिरणारी ठेवून. प्रवास लांबचा असेल तर ताजी हवा मधूनमधून मिनिटभर घ्या, कारण बंद गाडीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचून चालवणाऱ्याला पेंग येते. बाळाचा श्वास भरभर चालतोय, नाकपुड्या फुलताहेत, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा ते पीत नाहीये, असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

धुरीबद्दल आमचं मत ठाम आहे. धुराच्या दिवसांतही नाही आणि नंतरही नाही. ओवा, वावडिंग, लसणाची सालं काहीही असलं तरी निखाऱ्यावर पडलं की त्याचा धूर होतो, आणि त्यातले कण वणव्याच्या कणांइतकेच बारीक असतात. वर बंद घरात पेटलेले कोळसे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. सासूबाईंचा हेतू बाळाला ऊब मिळावी आणि अंग कोरडं व्हावं हा आहे. तो खोली आधी गरम करून, सुका टॉवेल शेकून घेऊन आणि तेलाचं मालीश चालू ठेवून पुरा होतो. मालीश त्यांनीच करावं, बाळाला आणि त्यांना दोघांनाही ते हवंय. हे सांगायचं काम त्यांच्या मुलाने करावं हे बरं.

स्वयंपाकघर हा बंद घरातल्या धुराचा दुसरा मोठा उगम. मापक शेजारी ठेवून एक खमंग फोडणी करून बघा, आकडा कुठल्या कुठे जातो. चिमणी लावावी तर ती बाहेरची धुराची हवा आत खेचते, न लावावी तर आतला धूर साठतो. यातून वाट अशी: धुराचे दिवस आहेत तोवर तळण, फोडणी आणि गॅसच्या जाळावर फुलके बंद. कुकरचं वरण-भात-तूप, मुगाची खिचडी, दह्यातल्या बिनफोडणीच्या कोशिंबिरी, इडली, वाफवलेल्या भाज्या. इंडक्शनची शेगडी असेल तर तीच वापरा. कधी काही करपलंच तर पाच-सात मिनिटं चिमणी लावून बंद करा. त्या काळात स्वच्छ खोलीचं दार लावलेलं हवं.

आणि गणपती. २०२२ मध्ये तुमच्याच भागात ‘मॉस्किटो’ नावाचा वणवा ६ सप्टेंबरला पेटला, तेव्हा ऐन गणेशोत्सव चालू होता. म्हणजे ही अडचण पुन्हा येणारी आहे, एकदा नीट घडी बसवून ठेवलीत तर दरवर्षी उपयोगी पडेल. मूर्ती हॉलमध्ये बसवा, सांभाळलेल्या खोलीत नाही. उदबत्ती, धूप आणि कापूर या वर्षी नको. समईऐवजी आरतीपुरतं एक निरांजन, आरती झाली की शांत करायचं. रोषणाई विजेची. मोदक उकडीचे करा, त्यांच्या वाफेने काही बिघडत नाही. तळणीचे मोदक हवा निवळल्यावर. सासऱ्यांनी आरतीला यावं, दहा मिनिटं बसावं, आणि हवा गाळायची पेटी पूर्ण वेगावर चालू असावी. पाहुण्यांना सहा-सात जणांच्या गटाने वेगवेगळ्या वेळी बोलवा, दार पुन्हापुन्हा उघडणार नाही असं बघा. पुण्याकडची मंडळी व्हिडिओवर आरतीला येऊ शकतील. आकडा त्या दिवशी दोनशेच्या वर असेल तर पाहुणे नकोत, घरच्यांची पूजा करा आणि सगळ्यांना नंतर जेवायला बोलवा.

उष्णता हा वेगळा मुद्दा आहे. एसी बंद पडला आणि घर तापायला लागलं तर खिडक्या बंद ठेवून बसण्यात बाळ आणि म्हाताऱ्या माणसांना धुराइतकाच, कधी जास्त धोका असतो. अशा वेळी दुपारभर वाचनालय, एसी असलेलं ओळखीचं घर किंवा काउंटीने उघडलेलं गारव्याचं केंद्र गाठा. आणि घर सोडायची सूचना आली तर हे सगळं बाजूला ठेवून निघायचं. पासपोर्ट, विम्याचे कागद, दोन्ही पंप आणि बाळाच्या दुधाची पिशवी दाराजवळ आजच भरून ठेवा.

धूर गेल्यावर एक दिवस दारं-खिडक्या सताड उघडा, बंद केलेला वायुवीजनाचा पंखा चालू करा. केरसुणीने झाडू नका, राख पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने फरशी, खिडक्यांच्या कडा, पंख्यांची पाती पुसा, अंगणातली राख पाण्याने ओली करूनच उचला. मध्यवर्ती एसीचा फिल्टर एरवी तीन महिने चालत असला तरी धुराच्या दोन-तीन आठवड्यांत काळा पडतो, तो बदला. प्युरिफायरवरचा ‘फिल्टर बदला’ दिवा बऱ्याच यंत्रांत नुसते तास मोजतो, फिल्टर उघडून डोळ्यांनी बघा. पेटीचे फिल्टर गडद करडे झाले असतील किंवा हवा कमी येत असेल तर चारही एकदम बदला, पंखा पुसून ठेवा आणि पुढच्या वर्षीचे चार फिल्टर जूनमध्येच घेऊन ठेवा, तेव्हा ते दुकानात असतात.